त्याचे पॉइंट किती?

आमच्या आर्थिक सल्लागारांच्या टीममधल्या एका मुलाने मध्यंतरी एक प्रश्न विचारला आणि तो अजून डोक्यातून जात नाही. त्याचा एक ग्राहक अचानक गेला. वय फार नव्हतं. मुलगा सकाळीच त्या घरी पोचला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच होता. कपाटातल्या फायली काढल्या, कोणती पॉलिसी चालू आहे आणि कोणती हप्ते न भरल्याने बंद पडली आहे ते बघितलं, नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावलंय ते तपासलं, क्लेमचे फॉर्म भरून घेतले, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती जरा जास्तच काढून ठेवा म्हणून सांगितलं. मधल्या वेळात नुसता बसूनही राहिला, कारण त्या घरात तेव्हा कुणालाच काही सुचत नव्हतं. संध्याकाळी ऑफिसात आला, बॅग खुर्चीवर टाकली, रोजच्या कामाचे पॉइंट मांडायची शीट उघडली आणि म्हणाला, "ताई, आजच्या दिवसाचे पॉइंट किती धरू?" मी शीटकडे बघितलं. फोनचा रकाना कोरा, भेटीचा कोरा, नव्या नावांचा कोरा. "शून्य," मी म्हणाले. त्याला आधी वाटलं मी चेष्टा करतेय. मग म्हणाला, "दिवसभर राबलो आणि शून्य?" तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला आणि बोलणं तिथेच राहिलं.

आर्थिक सल्लागाराच्या धंद्यात असलेल्यांना ही शीट काय असते ते सांगायला नको. बाहेरच्यांना ती ऐकून हसू येतं. शाळेत चांगल्या अक्षराला तारा मिळायचा तसला प्रकार वाटतो, आणि मोठमोठी माणसं संध्याकाळी बसून स्वतःला गुण देताहेत हे दृश्य आहेच थोडं विनोदी. आमच्या शीटवर फोन लावला आणि समोरचा माणूस खरोखर बोलला तर १ पॉइंट. ओळखीच्या माणसाकडून नवं नाव मिळालं तर १. भेटीची वेळ पक्की झाली तर २. प्रत्यक्ष भेट झाली आणि माणसाने आपलं उत्पन्न, कर्ज, मुलांची शिक्षणं हे सगळं मोकळेपणाने मांडलं तर ३. दिवसाला २० व्हायला हवेत. ऑफिस बदललं की आकडे बदलतात. कुठे २५ असतात, कुठे भेटीला घसघशीत ५ देतात, कुठे न उचललेल्या फोनलाही अर्धा पॉइंट असतो. मला या शीट बघायला आवडतात. कुठल्या कामाला किती वजन दिलंय यावरून ती शीट बनवणाऱ्याला स्वतःला कशाची धास्ती होती ते बरोबर कळतं. भेटीपेक्षा फोनला जास्त पॉइंट देणारा माणूस कधी काळी फोनसमोर घामाघूम होऊन बसलेला असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

कारण धास्ती असतेच. नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच आहे, जुन्यांना वाटतं आता गेली, आणि दोघंही चुकतात. अनोळखी नंबर समोर आहे, नाव लिहिलेलं आहे, कुणाच्या ओळखीने मिळालं तेही लिहिलेलं आहे, फक्त हिरवं बटण दाबायचंय. आणि त्याच क्षणाला घसा कोरडा वाटतो, पाण्याची बाटली भरून आणावीशी वाटते, मोबाइलची स्क्रीन हळूच काळी होते आणि ती काळी झाल्याचं मनातल्या मनात बरं वाटतं. मग मन वकिली सुरू करतं. आत्ता जेवणाची वेळ असेल. आत्ता मीटिंगमध्ये असतील. सोमवारी लोक गडबडीत असतात, शुक्रवारी कुणाला पैशांचं बोलणं नको असतं, महिन्याच्या सुरुवातीला हप्ते जातात आणि महिन्याच्या शेवटी खिसा रिकामा असतो. असा हिशेब केला तर वर्षात फोन करण्याजोगा एकही तास शिल्लक राहत नाही.

फोन केला नाही तर माणूस रिकामा बसतो असंही नाही, आणि इथेच खरी फसगत आहे. तो तयारी करतो. फंडांचा तक्ता रंगवतो, बाजार का पडला यावरचे लेख वाचतो, प्रेझेंटेशनमधला फॉन्ट बदलतो, ग्राहकांच्या फायली वर्णक्रमाने लावतो. ही सगळी कामं खरी आहेत, त्यांना कुणी नावं ठेवू शकत नाही, आणि ती करताना कुणी आपल्याला "नाही" म्हणत नाही. संध्याकाळी पाठ दुखेपर्यंत काम केल्याचं समाधान असतं. त्या दिवशी एका नव्या माणसाशी बोललो का, हा प्रश्न मात्र कुणी विचारलेला नसतो. पॉइंटांची शीट फक्त तो एक प्रश्न विचारते. फॉन्टला शून्य, बाजाराच्या लेखाला शून्य, वर्णक्रमाला शून्य. तिचा हा तुटकपणा मला सुरुवातीला अपमानास्पद वाटायचा. आता त्यातच तिची सगळी किंमत आहे असं वाटतं.

दुसरी अडचण काळाची. आज ज्याला पहिला फोन केला तो पुढच्या महिन्यात भेटतो, त्याच्या पुढच्या महिन्यात "बायकोशी बोलून सांगतो" म्हणतो, मग त्यांच्याकडे काहीतरी कार्य निघतं, आणि कधीतरी बऱ्याच काळाने तो सही करतो किंवा करत नाही. तोवर आपण तो पहिला फोन विसरूनही गेलेलो असतो. म्हणजे आजच्या कमाईवरून आजच्या कामाबद्दल काहीच कळत नाही. ती जुन्या कामाची पावती असते. एखादा महिना छान जातो, माणूस खुशीत येतो, फोन थांबतात. तीनेक महिन्यांनी पाइपलाइन, म्हणजे होऊ घातलेल्या ग्राहकांची रांग, कोरडी पडते आणि तो नशिबाला, बाजाराला, कंपनीच्या नव्या नियमांना दोष देत बसतो. खरं कारण त्या छान महिन्यात दडलेलं असतं. कबुतरांवर प्रयोग करणाऱ्या स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली बक्षिसांच्या वेळापत्रकांचा मोठा अभ्यास मांडला. दाणा कितव्या चोचीला मिळेल ते ठरलेलं नसेल तर कबुतर चिवटपणे टोचत राहतं, हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक झालेलं निरीक्षण. पण दाणा येणंच फार काळ थांबलं तर कबुतरही सोडून देतं. आमच्या धंद्यात दोन दाण्यांमध्ये कधीकधी ऋतू बदलतो. पॉइंट म्हणजे मधल्या काळात स्वतःच्या हाताने स्वतःला टाकलेला दाणा.

या सगळ्याची मुळं बरीच जुनी आहेत. फ्रँक बेटगर नावाचा अमेरिकन माणूस आधी बेसबॉल खेळायचा, सेंट लुईस कार्डिनल्सकडून. हात दुखावला, खेळ संपला, आणि तो फिलाडेल्फियात आयुर्विमा विकायला लागला. सुरुवात इतकी वाईट होती की त्याने धंदा सोडायचं ठरवलं होतं. पुढे त्याने स्वतःच्या कामाची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि बारा महिन्यांचा हिशेब मांडला. १,८४९ वेळा तो लोकांकडे गेला होता, त्यातून ८२८ जणांशी नीट बोलणं झालं, ६५ विक्री झाल्या आणि कमिशन मिळालं ४,२५१ डॉलर ८२ सेंट. त्याने भागाकार केला. प्रत्येक फेरी २ डॉलर ३० सेंटची पडली, दार उघडलं असो वा तोंडावर आपटलेलं असो.

हा भागाकार मला फार आवडतो.

कारण त्या दिवसापासून आपटलेल्या दारालाही भाव आला. तोपर्यंत १,७८४ फेऱ्या फुकट गेल्या असंच कुणीही म्हणालं असतं. बेटगरच्या नोंदीतून आणखीही एक गोष्ट निघाली: त्याच्या विक्रीपैकी ७० टक्के पहिल्याच भेटीत झाल्या होत्या, २३ टक्के दुसऱ्या भेटीत, आणि त्यानंतरच्या सगळ्या भेटींमध्ये मिळून फक्त ७ टक्के. आणि त्याचा निम्मा वेळ त्या ७ टक्क्यांच्या मागे जात होता. त्याने ते बंद केलं आणि तो वेळ नव्या माणसांना दिला. आता त्याचे टक्के जसेच्या तसे आजच्या सल्लागाराला लागू करायला मी तयार नाही. आज पहिल्याच भेटीत सही घेणारा सल्लागार दिसला की मला उलट काळजी वाटते. त्या माणसाचं ऐकून कधी घेतलं, हा प्रश्न पडतो. पण तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या वेळी त्याच त्या "बघू" म्हणणाऱ्याकडे आपण का जातो? तो ओळखीचा झालेला असतो, चहा देतो, अपमान करत नाही. नव्या नंबरापेक्षा ते सोपं असतं. फॉलो-अप या नावाखाली केवढा तरी भित्रेपणा खपून जातो. म्हणून आमच्या शीटवर एकाच माणसाच्या तिसऱ्या फॉलो-अपनंतर पॉइंट नाहीत. यावर ऑफिसात दर काही महिन्यांनी भांडण होतं, आणि ते होत राहावं असं माझं मत आहे.

दुसरा माणूस अल ग्रॅनम. नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल या अमेरिकन आयुर्विमा कंपनीच्या शिकागोतल्या एजन्सीत त्याने कार्डांची एक पद्धत बसवली, प्रत्येक संभाव्य ग्राहकासाठी एक कार्ड, आणि एजंटांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून १०-३-१ असं प्रमाण काढलं. दहा चांगली नावं मिळाली तर तिघं जण गांभीर्याने बोलायला बसतात आणि त्यातला एक ग्राहक होतो. प्रशिक्षणाच्या कुठल्याही वर्गात हे तीन आकडे फळ्यावर येतातच. फळ्याकडे बघून नवीन मुलांच्या चेहऱ्यावर दोन वेगवेगळ्या छटा येतात, मी त्या पुष्कळदा बघितल्या आहेत. एक सुटकेची: म्हणजे नऊ जण नाही म्हणाले तरी माझं काही चुकलेलं नाही. दुसरी जरा उशिरा येते आणि काहींना ती येतच नाही. ते नऊ जण कोण आहेत? ती कुणाची तरी मामी आहे, कुणाचा जुना वर्गमित्र आहे. आपण त्याच्या घरी बसलोय, तो मुलीच्या लग्नाबद्दल बोलतोय आणि आपल्या डोक्यात कुठेतरी तो दहातला सहावा आहे. हे मला कधीच पूर्णपणे पचलेलं नाही. आकड्यांनी नकाराचा डंख काढला हे खरं, पण त्याच आकड्यांनी माणूस थोडा पातळही केला. दोन्ही एकाच भागाकारातून येतं आणि एक ठेवून दुसरं टाकता येत नाही.

मग नकाराला सामोरं जायला माणूस तयार तरी कसा होतो? १९४० साली फिलाडेल्फियात अमेरिकेतल्या आयुर्विमा एजंटांचं अधिवेशन होतं. तिथे प्रुडेन्शियल विमा कंपनीच्या अल्बर्ट ग्रे यांनी एक भाषण केलं, जे आजही या धंद्यात फिरतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की यशस्वी माणसं जी कामं करायची सवय लावून घेतात ती कामं इतरांना आवडत नाहीत, आणि गंमत म्हणजे यशस्वी माणसांनाही ती आवडत नाहीत. ज्यांना आपल्याला भेटायचं नाही अशा माणसांकडे जाऊन, ज्याबद्दल त्यांना बोलायचं नाही त्याबद्दल बोलणं कुणाला आवडेल? मला या भाषणातला हा भाग फार प्रामाणिक वाटतो. नंतरच्या काळात आलेले व्याख्याते सांगायला लागले की नकारावर प्रेम करा, प्रत्येक "नाही" आनंदाने साजरं करा. हे मला कधी जमलं नाही, आणि ज्यांना जमतं म्हणतात त्यांच्या हसण्यात काहीतरी ताणलेलं दिसतं. ग्रे यांनी आवडण्याचा आग्रहच धरला नाही. नावडतं काम नावडतंच राहील, फक्त ते व्हायला हवं. पॉइंटांची शीट याच समजुतीवर उभी आहे. जे काम आपण आपणहून केलं नसतं, त्याला बाहेरून लावलेला हा टेकू आहे.

विक्रीला किती पॉइंट द्यायचे, यावर मात्र माझं मत बहुतेकांना पटत नाही. आमच्याकडे पूर्वी सहीला ५ होते. मी ते काढायला लावले. सही झाली की पैसे मिळतात, अभिनंदन होतं, ग्रुपवर टाळ्यांची चित्रं येतात. त्यावर आणखी पॉइंट कशाला? पण मुख्य कारण वेगळं आहे. सही माझ्या हातात नाही. समोरच्याच्या घरचं वातावरण, त्याची नोकरी, त्याच्या भावाने कालच दुसरीकडे सही केलेली असणं, यातलं काही माझ्या हातात नाही. विचारणं एवढंच हातात आहे. ज्या शीटवर सहीला वजन असतं तिथे माणूस महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला वेगळ्याच आवाजात बोलायला लागतो. पॉइंट कमी पडत असले की ज्याला साध्या टर्म विम्याची गरज आहे त्याला काहीतरी जाडजूड गळ्यात बांधावंसं वाटतं. सल्लागाराने ग्राहकाच्या टेबलापाशी बसलेलं असताना स्वतःच्या शीटचा विचार करावा लागू नये, एवढी तरी सोय शीट बनवणाऱ्याने करायला हवी.

आणि माणसं शीटला फसवतात. सगळेच फसवतात, आणि फार कल्पकतेने. कुठल्या वेळी लोक फोन उचलत नाहीत हे ज्याला नेमकं ठाऊक असतं, तो अर्ध्या पॉइंटाच्या ऑफिसात त्याच वेळी फोन लावतो. मित्राशी पंधरा मिनिटं क्रिकेटवर बोलून शेवटी "आणि कधीतरी गुंतवणुकीचं बोलू" म्हटलं की तो संवाद झाला. एका भेटीत नवरा आणि बायको दोघं होती म्हणून दोन भेटी लिहिणारा एक जण मला माहीत आहे. त्याच्या युक्तिवादात थोडं तथ्यही होतं, बायकोचे प्रश्न जास्त चांगले होते. संध्याकाळी शेवटचे दोन पॉइंट कमी पडतात तेव्हा बोटं कुठल्या नावाकडे वळतात ते बघण्यासारखं असतं. कधीच कठीण नावाकडे वळत नाहीत.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली पतधोरणाबद्दल लिहिताना हे नोंदवलं होतं: आकडेवारीत दिसणारा एखादा नियम नियंत्रणासाठी वापरायला गेलं, की त्या दबावाखाली तो नियमच मोडून पडतो. त्याला मध्यवर्ती बँकेच्या खिडकीतून जे दिसलं ते आम्हाला रोज संध्याकाळी दिसतं. त्याचं सगळ्यात भयंकर रूप अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत दिसलं. प्रत्येक कुटुंबाला बँकेची आठ उत्पादनं विकायची असं तिथे ध्येय होतं, आणि शाखांमधल्या माणसांवर रोजच्या आकड्यांचा रेटा. लोकांनी ग्राहकांना न सांगता त्यांच्या नावावर खाती उघडली. २०१६ च्या सप्टेंबरात नियामकांनी एकूण १८.५ कोटी डॉलरचा भुर्दंड लावला. तोवर बँकेने सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकलं होतं. मला त्या ५,३०० जणांबद्दल वाचताना राग कमी आणि ओळख जास्त वाटली. रोज संध्याकाळी कुणाला तरी आकडा दाखवायचा आहे आणि तो पुरा झालेला नाही, ही पोटातली भावना मला ठाऊक आहे. त्या भावनेतून माणूस काय करील ते त्याच्या स्वभावाइतकंच, त्या आकड्याकडे कोण बघतंय यावरही ठरतं.

बघणारा कोण, हा माझ्या मते सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा आहे. मी एके काळी अशा ऑफिसात होते जिथे शीट भिंतीवर लावलेली असायची, नावांसकट, खालच्या तिघांची नावं लाल. त्या भिंतीसमोरून जाताना लोक चाल बदलायचे. तिथले आकडे नेहमी छान असायचे आणि धंदा मात्र यथातथाच. पुढे दुसरीकडे गेले तिथे एक वयस्कर सल्लागार खिशात छोटी वही ठेवायचे आणि फोन ठेवला की पेन्सिलीने एक रेघ ओढायचे. ती वही कुणी बघत नसे. एकदा मी विचारलं, "काका, कमी पडले तर काय करता?" ते म्हणाले, "काय करणार? कमी पडले असं लिहितो." हे बोलायला सोपं आहे. पण ज्या शीटवर कमी पडले असं निर्धास्तपणे लिहिता येतं तीच शीट खरं सांगते. बाकीच्या फक्त साहेबाला हवं ते सांगतात.

आता त्या मुलाच्या शून्याकडे येते. दोन दिवसांनी तोच पुन्हा आला, या वेळी प्रस्ताव घेऊन. शीटवर एक नवा रकाना करू, 'सेवा'. क्लेमला मदत केली तर ५, जुन्या ग्राहकाचा वार्षिक रिव्ह्यू केला तर ३, कुणाला नॉमिनी बदलून दिला तर १. त्याने एक्सेलमध्ये सगळं नीट मांडून आणलं होतं, रंगही छान निवडले होते. आणि त्याचं कारण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. म्हणाला, "शीटवर जे नाही ते ऑफिसला दिसत नाही, ताई. आणि जे दिसत नाही ते हळूहळू कुणी करत नाही." मी नाही म्हणाले. त्याला जे कारण दिलं ते अर्धवटच होतं, कारण बोलता बोलताच मला ते सापडत होतं.

पॉइंट हे नावडत्या कामाची मजुरी आहेत. फोन लावायला मन तयार नसतं म्हणून त्याला एक पॉइंट दाखवायचा. त्या घरी जाऊन बसायला त्या मुलाला कुणी काही दाखवलं नव्हतं. बातमी कळली आणि तो उठून गेला. आता त्याला ५ पॉइंट लावले तर पुढच्या वेळी तो जाईल तेव्हा त्या घराच्या दाराशी, अगदी नकळत, पाच हा आकडा त्याच्या बरोबर आत येईल. कदाचित येणार नाही, तो चांगला मुलगा आहे. पण त्याच्या जागी दुसरा कुणी असेल आणि संध्याकाळी पाचच कमी पडत असतील तर? दुःखात असलेल्या घरी पॉइंटांसाठी गेलेला माणूस, ही कल्पनाच मला सहन होत नाही. आणि शीटच्या बाजूनेही बघायला हवं. त्या रकान्यातून रोजचे वीस आरामात भरतील. जुने ग्राहक प्रेमाने बोलतात, त्यांचे नॉमिनी बदलत बसलं तर महिनाभर एकाही अनोळखी माणसाला फोन करावा लागणार नाही. म्हणजे पुन्हा तयारीच, फक्त जास्त पुण्यवान कपड्यांतली.

तरी त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. जे दिसत नाही ते कुणी करत नाही, हे मी स्वतः घडताना बघितलंय. मृत्यूच्या क्लेमच्या वेळी सल्लागाराचा फोन न लागल्याच्या तक्रारी कमी नाहीत, आणि ते सल्लागार शीटवर बहुधा पहिल्या पाचात असतील. माझ्या उत्तरात एक गृहीतक आहे, की चांगलं वागणं माणसाकडे आधीपासून असतंच आणि ते आकड्यांपासून जपलं म्हणजे झालं. सगळ्यांकडे ते असतं का? मुलाने हे तोंडावर विचारलं नाही, पण एक्सेल बंद करताना तो जरा जास्त वेळ घेत होता.

त्यानंतर मी एक छोटा बदल केला. पॉइंट नाही, पण शीटच्या तळाशी एक मोकळी ओळ ठेवली: आज वेळ कुठे गेला. शब्दांत लिहायचं, आकड्यांत नाही. "आईला दवाखान्यात नेलं." "अमक्यांच्या क्लेमची कागदपत्रं." "काहीच केलं नाही, कंटाळा." ती ओळ पॉइंटांच्या बेरजेत येत नाही. शून्याच्या दिवसाला निदान नाव मिळतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर सवयींचा अभ्यास केला होता, २०१० साली तो प्रसिद्ध झाला. एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला मध्यम मानाने ६६ दिवस लागतात, पण कुणाला १८ पुरतील आणि कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एकवीस दिवसांत सवय लागते असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी तो एकदा बघावा. मला त्यातली कमी गाजलेली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. आमच्याकडे मात्र साखळी तुटली की माणूस आठवडाच सोडून देतो. मंगळवारी शून्य, मग बुधवारी कशाला, आता सोमवारपासूनच. मोकळी ओळ आल्यापासून बुधवार थोडे सावरलेत असं मला वाटतं. पुरावा काही नाही.

सध्या ऑफिसात नवी चर्चा आहे. कंपनी एक ॲप आणतेय. फोन लावला की ते आपोआप मोजणार, किती सेकंद बोललो ते मोजणार, कॅलेंडरमधून भेटी उचलणार, आणि संध्याकाळी सहाला सगळ्यांचे पॉइंट साहेबांच्या मोबाइलवर. कुणाला काही लिहायला नको, फसवाफसवी नको. तरुण मंडळी खूश आहेत आणि मी त्यांना दोष देत नाही. शीट भरायचा कंटाळा मलाही येतो. पण नकार मिळालेला फोन ठेवल्यावर स्वतःच्या हाताने एक रेघ ओढण्यात जे होतं, ते आपोआप मोजण्यात होत नाही. ती रेघ ओढताना आपण स्वतःला सांगत असतो की हे झालं, हे मी केलं, आता पुढचा. ॲप ते आपल्याला सांगत नाही, साहेबांना सांगतं. बाकी ॲपला सेकंद कळतात. त्या सेकंदांत कोण किती ऐकत होतं ते कळायचं नाही, पण ते आमच्या शीटलाही कळत नव्हतंच, तेव्हा त्यावरून ॲपला बोल लावणं खोटं होईल.

ॲप पुढच्या महिन्यात सुरू होतंय. टीममधल्या दोघांनी विचारलंय, ॲपबरोबर आपली वहीही चालू ठेवली तर चालेल का. मी म्हटलं, खुशाल ठेवा, फक्त त्यातला आकडा मला दाखवायला आणू नका.